जिंकलेली सायकल

मी शर्यतीची सायकल बोलतेय. संघाच्या ऑफिसच्या भिंतीवर, काचेमागे टांगलेली. खाली पाटी आहे, पाटीवर कर्णधार मुलीचं नाव आहे. पण मी तिची कधीच नव्हते.

माझी मुलगी वेगळी. संघात सगळ्या तिला ‘पाणीवाली’ म्हणायच्या. देशोदेशीच्या शर्यतींत तिचं काम एकच: मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या, पुन्हा जीव काढून पुढे यायचं आणि कर्णधाराला वारा लागू नये म्हणून तिच्यापुढे चालवत राहायचं. शेवटचा घाट आला की हिचे पाय संपलेले असायचे. मग कर्णधार सुसाट निघून जायची आणि आम्ही दोघी रडतखडत पोहोचायचो. तोवर बक्षीस वाटून झालेलं असायचं.

प्रशिक्षकांनी तिला शब्द दिला होता, “शेवटच्या शर्यतीत तू मोकळी. तुझ्यासाठी चालव.” त्या शब्दावर तिनं अख्खा मोसम काढला. शिवणकाम करणाऱ्या आईलाही तिनं पहिल्यांदाच शर्यत बघायला बोलावलं.

त्या दिवशी ती वेगळीच होती. शेवटच्या घाटात पुढे मोजक्याच जणी उरल्या, त्यांत आम्ही होतो. तिचा श्वास शांत होता. आज जमणार, हे मला तिच्या पायांवरून कळत होतं.

तेवढ्यात मागे कर्णधाराची चेन तुटली. संघाची गाडी गर्दीत अडकलेली. माझ्या मुलीच्या कानातल्या यंत्रात प्रशिक्षकांचा आवाज आला, “थांब. तुझी सायकल तिला दे.”

“सर, आज मी माझ्यासाठी चालवणार होते.”

“नंतर बोलू. उतर.”

ती उतरली. दोघींची उंची सारखी, म्हणून सीटही हलवावी लागली नाही. कर्णधारानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला चालायचं नव्हतं. पण सायकलला कोण विचारतं? पेडल फिरलं की चाक फिरतं.

आणि मी जिंकले.

शेवटच्या रेषेजवळ माझ्या मुलीची आई उभी होती. संघातल्या सगळ्यांची जर्सी सारखी, हेल्मेट सारखं, डोळ्यांवर काळे चष्मे. तिनं माझ्यावर लावलेला लेकीचा नंबर ओळखला आणि शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून म्हणाली, “माझी लेक आहे ती. माझी लेक पहिली आली.”

बऱ्याच वेळानं लेक संघाच्या गाडीतून उतरली. आई तिच्याकडे बघतच राहिली. “अगं, मग ती कोण होती?”

लेकीनं आईच्या हातातली पिशवी घेतली.

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षकांनी तिला बोलावलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. “पुढच्या वर्षी तुला संघात ठेवणं जमणार नाही,” ते म्हणाले. “तुझ्या नावावर एकही विजय नाही ना.”

तिनं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “ही सायकल मला मिळेल?”

“छे, ही तर जिंकलेली सायकल. ही ऑफिसात लावायची आहे.”

तिनं माझ्या हँडलवरून एकदा हात फिरवला आणि गेली. नंतर मी तिला पाहिलेलं नाही.

आता येणारे-जाणारे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. पाटी बदला, असं मी म्हणत नाही. मला फक्त खाली उतरवा आणि भंगारात द्या. तिथे निदान माझं कुणी कौतुक करणार नाही.