निळ्या रंगाचा माज

हसू नका, पण मी काचेची एक साधी नळी बोलतेय, आणि माझं सगळं आयुष्य एका पोरीच्या लघवीत गेलं.

सन छत्तीस साली जळगावच्या एका दवाखान्यातून जीवराम कंपाउंडरांनी मला घरी आणलं. त्यांच्या दहा वर्षांच्या प्रमिलाला मधुमेह होता. रोज सकाळी माझ्या पोटात निळं औषध, त्यात तिच्या लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर असली की मी विटकरी व्हायचे, नसली की निळीच राहायचे. निळी राहिले की जीवरामभाऊ मला उजेडात धरून "वा!" म्हणायचे, आणि मी फुगायचे. जशी काही साखर मीच हाकलली होती!

हा निळा रंग टिकावा म्हणून त्यांनी नेमच केला: साखर उतरवणारं इन्सुलिनचं इंजेक्शन पुरतं, भाकरी अर्धी. इकडे शाळेत गणितात पहिली येणारी प्रमिला दुसऱ्या तासाला खिडकीकडे बघत बसू लागली. विचारलेलं तिच्या कानांपर्यंत पोचेना. अभिमन मास्तरांनी छड्या मारून पाहिल्या, शेवटी आईबापांना बोलावलं.

"पोर आळशी झालीय, जीवरामभाऊ. नाव काढून घ्या."

"आजार असेल तर नळी सांगेल ना!" म्हणत त्यांनी मला दिव्यासकट शाळेत नेलं. पोरीकडून नमुना घेऊन मला ओट्यावर तापवलं. मी निळी. स्वच्छ, सुंदर, निर्लज्ज निळी.

"साखर नाही, मास्तर."

"म्हणजे आळसच!"

मलाही ते पटलं. एवढी मी शहाणी.

तेवढ्यात दाराबाहेर उभी असलेली प्रमिलाची आई, भागाबाई, तरातरा पुढे आली. "पोरना तोंडवर घाम शे, हात थरथरी राहिनात, अन् तुम्ही नळी देखी राहिनात!" पदराच्या गाठीतला गुळाचा खडा तिनं पोरीच्या तोंडात कोंबला.

"अगं, गूळ विष आहे तिला!" जीवरामभाऊ ओरडले.

"मंग गूळ चोरी खास, तवय बठ्ठा पाढा कशी म्हणस ती?"

चोरून गूळ खाल्ला की पोर सगळे पाढे घडाघडा म्हणते, हे आईनं घरी पाहिलं होतं. पाव तासानं प्रमिलानं डोळे चोळले, फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, तिसऱ्या गणितात हातचा राहिलाय."

मास्तर फळ्याकडे वळले आणि आपलं उत्तर पुसून हातचा मिळवू लागले.

तेव्हा मला माझी लायकी कळली. मी सांगते ती काही तासांपूर्वी लघवीवाटे गेलेली साखर. आत्ता रक्तात किती उरलीय, ती फार उतरून पोरीचं लक्ष विझतंय का, यातलं मला ओ की ठो कळत नाही. आणि माझ्या शब्दावर शाळा सुटणार होती तिची!

प्रमिलाचं नाव पटावर राहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन कमी केलं, भाकरी पुरती झाली. मास्तरांच्या टेबलावर गुळाची डबी आली. निम्मा गूळ तेच खातात.

माझी कड उडालीय, तरी काम चालू आहे. उद्या सकाळीही मी निळी होऊन मिरवेन. जीवरामभाऊ, माझं कौतुक करण्याआधी पोरीला हाक मारा. तिनं लगेच ओ दिली, तर मग माझ्याकडे बघा.