मधली जागा मोकळी ठेवा

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. मला मान नाही, पण पाय चार आहेत आणि चारही अजून ताठ आहेत.

सुताराने मला घडवले ते सरकारी विवाह नोंदणी कार्यालयासाठी. कोणत्याही धर्माची माणसे इथे यायची, माझ्यावर वाकून सह्या करायची आणि नवरा-बायको होऊन बाहेर पडायची. प्रत्येक जोडप्याआधी शिपाईमावशी मला लख्ख पुसायच्या. फुले, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, सगळे खाली. मधोमध फक्त सहीचा कागद. माझ्यावर शाईचे डाग पुष्कळ पडले, पण भेदभावाचा डाग मी लागू दिला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

मग नवे साहेब आले. त्यांनी आपला धर्मग्रंथ आणून बरोबर माझ्या मधोमध ठेवला. मावशी फडके घेऊन आल्या, तर म्हणाले, "भोवतीनं पुसा." मला संताप आला. ग्रंथाचा नव्हे, त्याला पहाऱ्यावर बसवणाऱ्याचा.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणारी एक मुलगी आणि एक बसचालक लग्न करायला आले. तो साहेबांच्याच धर्माचा, ती दुसऱ्या धर्माची.

"आधी ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्या, मग सही," साहेब म्हणाले.

"असा नियम कुठाय?" मुलगी म्हणाली. "माझा देव वेगळा आहे, साहेब. खोटी शपथ मी नाही घेणार."

"मग लग्नही नाही होणार." साहेबांनी पेनाला टोपण लावले.

बसचालकाचा चेहरा उतरला. तेवढ्यात साक्षीदार म्हणून आलेली त्याची आई पुढे झाली.

"हा ग्रंथ मी रोज पहाटे वाचते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पोरीला अडवा, असं यात कुठंच नाही. माझी सून अडवायला माझाच देव वापरताय होय?"

तिने ग्रंथ कपाळाला लावला, स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि साहेबांच्या हातात दिला.

"घरी न्या. आणि वाचा."

साहेब गोरेमोरे झाले. टोपण निघाले. मुलीने इतकी दाबून सही केली, की तिची अक्षरे कागदातून माझ्या अंगावर उमटली.

साहेबांनी वड्याचे तेल वांग्यावर काढले. दुसऱ्याच दिवशी माझी रवानगी व्हरांड्यात झाली. आता माझ्यावर तुटक्या खुर्च्या रचतात. आत नवे चकचकीत टेबल आले आहे. दार उघडले की मी हळूच डोकावते. मावशी त्यालाही पुसतात, आणि भोवतीने नाही, मधोमध!

मित्रांनो, माझ्यावर खुशाल खुर्च्या रचा, मी कुरकुरणार नाही. फक्त आतल्या टेबलाची मधली जागा मोकळी ठेवा. तिथे अजून कितीतरी जणांना सह्या करायच्या आहेत.