आखूड पाय

१९७४ साली आमच्या गल्लीच्या टोकाच्या सभागृहात एकदा पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पायवाले बाबा दुखणेकऱ्यांना एकेक करून खुर्चीत बसवत होते. एरवी अशा ठिकाणी पादत्राणं बाहेर काढायला लावतात. इथे चपला घालून आलेल्यांना शिष्य बूट देत होते.

माझी ताई शिवणकारखान्यात मशीनवर बसायची. काही वर्षांपासून तिची कंबर धरली होती. दुखणं कमरेत, पण पसरलं होतं घरभर. तिला झोप नसायची. लेकीवर विनाकारण खेकसायची, मग स्वतःच रडत बसायची. एकदा मला म्हणाली, "उजाडलं की वाटतं, कशाला उजाडलं."

तिची पाळी आल्यावर बाबांनी तिला बूट घालून खुर्चीत बसवलं आणि टाचा उचलल्या. "बघा, डावा पाय बोटभर आखूड. कंबर बिचारी काय करणार? आता देव खेचतोय, बघत राहा."

पाय सारखे झाले. ताई उठली, वाकली. दुखलं नाही. लोकांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना दाखवायला म्हणून तिने कापडाचा तागा उचलला आणि तिथेच खाली बसली. भावोजी तिला पुन्हा बाबांकडे घेऊन गेले.

"पाय मी वाढवला," बाबा म्हणाले, "तुझी श्रद्धा आखूड पडली."

ताईने औषध सोडलं, व्यायाम सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "देवालाही नकोशी झाले मी," म्हणायची. मला तिची भीती वाटू लागली. तिला आधी औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी घरी बोलावलं.

त्यांनी भावोजींना बूट घालून खुर्चीत बसवलं.

"माझे पाय धडधाकट आहेत हो," भावोजी कुरकुरले.

"बाबांसमोर कुणाचेच नसतात."

बाईंनी टाचा उचलता उचलता उजवा बूट किंचित पुढे ओढला. डावा पाय आखूड दिसू लागला. मग बोलता बोलता बूट मागे दाबला. पाय सारखे.

"आई, सगळं बुटातच आहे की," भाची म्हणाली.

ताई उठून बसली. "मग मला बरं कसं वाटलं?"

"आशेने दुखणं थोडा वेळ मागे सरतं. ते बरं वाटणं खरंच होतं, पण टिकणारं नव्हतं."

"म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली नाही?"

"बूट सैल केला होता, ताई. तुमचं दुखणं खरं आहे आणि त्याने मन खचणंही खरं आहे. इलाज दोन्हींवर करू."

ताई खूप वेळ रडली.

बाबा पुढच्या गावी गेले. त्यांना कुणी पकडल्याचं ऐकलं नाही. भावोजी मरेपर्यंत म्हणत, "आपल्याला आधीच संशय आला होता." भाची परिचारिका झाली. डॉक्टरीणबाई आता नाहीत. माझं सांगणं एवढंच, की इलाज फसल्यावर जो रोग्यालाच दोषी धरतो, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

ताईची कंबर पुरती बरी कधीच झाली नाही. पण तिने तोंड भिंतीकडून वळवलं आणि आमच्यात म्हातारी झाली.