गिरजेचं बारसं

बाया याव्यात, एवढंच द्वारकेचं मागणं होतं. जेवणावळ नको, वाजंत्री नको, लेकीच्या अंगावर सोनं नको. गल्लीतल्या पाचजणींनी यावं, पाळण्याची दोरी ओढावी आणि पोरीचं नाव गळा मोकळा करून गावं.

मागणं जुनं होतं. पहिला मुलगा झाला तो औरंगाबादेत, रझाकारांच्या उन्हाळ्यात. त्याच्या बाराव्या दिवशी दाराला अडसर घातलेला, खिडकीला गोणपाट लावलेलं. शेजारच्या म्हातारीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं ते इतकं हळू, की जवळ बसलेल्या द्वारकेला नुसते ओठ हललेले दिसले. पाळणा कुणी गायला नाही. भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, दारं उघडली, माणसं रस्त्यावर आली, आणि थंडी पडता पडता पोर गेलं. ताप होता, छाती भरली होती. पण द्वारकेच्या मनानं आपलं वेगळं कारण धरून ठेवलं. त्याला कुणी हाक मारली नाही, मग ते कुणासाठी राहील, असं ती म्हणायची. नवरा बद्रीनाथ ऐकून घ्यायचा आणि उठून बाहेर जायचा.

त्यानंतर काही वर्षं कूस रिकामी राहिली. मग बद्रीनाथची बदली फुलंब्रीला झाली. तो गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. एका चैत्रात बैलगाडीत दोन पेट्या, जातं, देव आणि सासूबाई चतुराबाई असा सगळा संसार घालून ही माणसं गावात उतरली. घर म्हणजे एक खोली, पुढं ओसरी, मागं चूल. दुपारचं ऊन पत्र्यावर असं तापायचं, की आतल्या पाण्याची चवसुद्धा कोमट. शहरात घराखाली पिठाची गिरणी होती, नळ होता. इथं पहाटेचं दळण आणि भल्या सकाळचा आड.

आडावर पहिल्याच दिवशी भागूबाईनं विचारलं होतं, "शहरात म्हनं पानी भिंतीतून येतं?"

"येतं," द्वारका म्हणाली.

"अन् ते सोडून हिकडं दोर ओढायला आलीस? लई हौस दिसती." सगळ्या हसल्या. भागूबाईनं मात्र हसता हसता तिची भरलेली कळशी उचलून तिच्या कमरेवर ठेवली.

भागूबाई समोरच्याच घरातली. धिप्पाड, तोंडाची फटकळ, गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींची तेल-आंघोळ करणारी. ज्येष्ठात गल्लीत एक लग्न झालं, पण द्वारकेला तेव्हा दिवस गेलेले, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, म्हणून दोघी सासूसुना गेल्या नाहीत. कळा सुरू झाल्या त्या रात्री मात्र भागूबाईच आली. पोर हातात घेऊन म्हणाली, "मुलगी हाय. नाक आज्जीचं घेतलंया. आता काय इलाज."

द्वारकेला नणंद नव्हती, म्हणजे पोरीला आत्या नव्हती. नाव ठेवायचं कुणी? द्वारका खाटेवरून सासूला म्हणाली, "आत्याबाई, भागूबाईंना विचारा ना."

चतुराबाईंनी विचारलं. भागूबाईनं हातातली तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "व्हते की आत्या. पन पाठीत धपाटे हळू घाला बरं, नाव ठेवलं की आत्याला ते खावं लागत्यात."

नाव द्वारकेनं मनात ठरवलं होतं. या मुलखातून वाहणाऱ्या नदीचं, गिरजा. गावानं आपलं म्हणावं असं नाव.

चतुराबाई आदल्या दिवशी घरोघर जाऊन आल्या. शहरात जसं सांगायचं तसं सांगितलं: "उद्या दुपार कलली की या हं, नातीचं बारसं आहे." सगळ्या हो म्हणाल्या. कुणी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळणा टांगला, त्याला हिरवं लुगडं गुंडाळलं. घुगऱ्या शिजल्या, परातीत काढून वर फडकं टाकलं. सतरंजी अंथरली. न्हाऊ घातलेली पोर धुरीचा वास घेऊन निजली. दुपार कलली.

ओसरीवर चिमण्या येऊन गेल्या. सावली उंबऱ्यापर्यंत आली, मग आत आली. चतुराबाईंनी दोनदा परातीवरचं फडकं उचलून पाहिलं आणि परत झाकलं.

"येतील," त्या म्हणाल्या. "कामं असतात."

"आज कसली कामं," द्वारका म्हणाली.

बद्रीनाथ बाहेर जाऊन आला. पायातल्या चपला काढेना. "माय, सगळ्या घरीच आहेत. चांगली लुगडी नेसून आपापल्या दारात बसल्यात. भागूबाईसुद्धा. मला पाहिलं आणि मान फिरवली."

"मग तू काही बोलला नाहीस?"

"बायकांना मी काय बोलू?"

मग द्वारका सासूकडं न बघता म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगितलं का? पहिल्याचं?"

चतुराबाईंनी पदर सारखा केला. "आडावर भागूबाईनं विचारलं, पहिलंच का. मी म्हटलं, नाही, एक गेलं. खोटं कसं सांगू?"

"झालं तर मग." द्वारकेनं पोरीला उचलून छातीशी घेतलं. "गेलेल्या लेकराची आई. कोण धरणार माझ्या पाळण्याची दोरी."

दिवेलागण झाली. नाव तर ठेवायला हवं होतं. चतुराबाई विधवा, त्या आपणहून मागं सरल्या. शेवटी बद्रीनाथच पुढं झाला, पोरीच्या कानाशी वाकला, "गिरजा" म्हणाला, आणि मागं सरून दिव्याची वात सारखी करू लागला. झालं बारसं. घुगऱ्या दुसऱ्या दिवशी आंबल्या. बद्रीनाथनं त्या दवाखान्यातल्या गाईला घातल्या.

त्या दिवसापासून द्वारकेचं दार ओढलेलं राहू लागलं. ती उन्हाच्या वेळी पाण्याला जायची, आडावर कुणी नसताना. समोरासमोर राहून भागूबाईनं कधी विचारलं नाही, हिनं कधी सांगितलं नाही. दोन्ही घरांची दारं एकमेकांकडं तोंड करून उभी, मध्ये चार हात रस्ता आणि त्यावर दिवसभर ऊन. बद्रीनाथ संध्याकाळी औषधाच्या वासाचे हात चोळत म्हणायचा, "थोडी कळ काढ. बदली मागू."

"मागा."

एवढंच बोलणं. जेवणं व्हायची, भांडी घासली जायची, पोर रडायची, राहायची. गिरजेचं नाव ठाऊक असलेली तीनच माणसं, आणि त्यातली द्वारका तिला "बाळ"च म्हणायची. नाव उच्चारायला तिचं मन भ्यायचं. रात्री दोनदा उठून ती पोरीच्या नाकाशी बोट धरून पाहायची.

पहाटे चतुराबाई जात्यावर बसायच्या. समोरचा खुंटा धरायला द्वारका बसायची, पण तोंड शिवल्यागत. मग म्हातारी एकटीच गुणगुणायची:

*गिरजा नदीचं पाणी, वाळूखालून वाहतं,*
*माझ्या नातीचं नाव, ओठांखालीच राहतं.*

"ते नका गाऊ," एकदा द्वारका म्हणाली. त्यानंतर नुसत्या जात्याचा आवाज.

फाल्गुन लागला. भागूबाईच्या सुनेला मुलगा झाला. बाराव्या दिवशी सकाळी सारजाबाई गुरवीण दारात येऊन उभी राहिली. "भागूबाईच्या नातवाचं बारसं हाय हो, दुपार कलल्यावर. आवतन हाय." आणि पुढच्या दाराकडं गेली. गल्लीत आवतन सगळ्यांना असतं, कंपाउंडरचं घर तेवढं ओलांडता आलं नसेल.

"कुणी जायचं नाही," द्वारका म्हणाली.

"मी जाते," चतुराबाई म्हणाल्या. "त्या तशा वागल्या म्हणून आपण तसं वागायचं का? आणि एकदा तोंडावर विचारते तिला. मरेपर्यंत मनात घेऊन नाही बसायची मी."

दुपार कलताच त्या धुतलेलं लुगडं नेसून निघाल्या.

भागूबाईच्या घरी शेणसारवण अजून ओलं होतं. भागूबाई स्वतः केस मोकळे, लुगड्याचा काचा मारून, चुलीपुढं घुगऱ्या ढवळत होती. बाहेरची एकही बाई आलेली नाही. चतुराबाई उंबऱ्यातच थबकल्या.

"आँ? कंपोंडरच्या आई?" भागूबाई वळली. "तुम्ही आत्ताच?"

"गुरवीण म्हणाली ना, दुपार कलल्यावर."

"म्हनाली. पन बोलावनं कुठं आलंय अजून? सारजा घरीच हाय तिच्या."

आतून बाळंतीण सून हसली. "भूक लागली आसंल त्यांना, आत्याबाई. घुगऱ्याचा वास गेला आसंल."

"गप गं," भागूबाई म्हणाली, पण तिलाही हसू आलं होतं.

"बोलावणं म्हणजे?" चतुराबाईंनी विचारलं.

"म्हंजे काय? सकाळी आवतन द्यायचं. मंग समदं तयार झालं, की मानूस धाडायचं, चला, बोलवलंय म्हनून. तवा बाया उठत्यात. त्याच्या आधी कशी जाईल कुनी? हावरट म्हनतील की." बोलता बोलता ती थांबली. तिच्या हातातलं उलथनं पातेल्यातच राहिलं.

चतुराबाई ओल्या सारवणावरच खाली बसल्या.

"आमच्याकडं एकदा सांगितलं की येतात," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्यापुरताच निघाला. "आम्हाला ठाऊकच नव्हतं."

घुगऱ्या तळाला लागल्याचा वास आला, तेव्हा तिनं पातेलं उतरवलं.

"म्या दिवस बुडंस्तोर बसले व्हते," ती म्हणाली. "नवं लुगडं नेसून. पोरीला कुंची शिवली व्हती, ती मांडीवर घेऊन. समद्या बसल्या व्हत्या. कंपोंडर येऊन बघून गेला, तरी बोलावनं नाय. म्या म्हनलं, शहराची मानसं, ऐन वक्ताला मन फिरलं. आत्या कुनी चांगल्या घरची घावली आसंल." तिनं आतल्या खोलीकडं मान केली. "ती कुंची आता याच्या डोक्याला हाय."

चतुराबाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याला मागं शेणाचा ओला डाग होता. त्यांनी द्वारकेला सगळं सांगितलं, कुंचीचं तेवढं सोडून. चूक माझी, म्हणाल्या, मीच गेले होते सांगायला.

द्वारकेनं ऐकून घेतलं. पोर मांडीवर होती, तिच्या तळपायावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "रागानं आल्या नाहीत असं असतं, तर बरं होतं, आत्याबाई. निदान मनात काही होतं म्हणायला."

"अगं, पण त्यांच्या मनात यायचं होतं."

"तेच तर."

बाहेर सारजाबाईची हाक आली. "चला ओ, बोलवलंय. चला." हाक एका दारातून दुसऱ्या दारात गेली, आणि दारोदार बांगड्या वाजल्या. बाया निघाल्या. इतकं साधं होतं ते. द्वारका दाराच्या फटीतून बघत राहिली. मग उठली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि पायात काही न घालता निघाली. चतुराबाई मागोमाग.

भागूबाईच्या घरात दाटी झाली होती. भागूबाईनं द्वारकेला पाहिलं, जरा सरकून भिंतीशी जागा केली, पण डोळे वर केले नाहीत. बातमी तोवर सगळीकडं पोचली होती. पाळण्यात नातू होता, डोक्याला लाल ठिपक्यांची कुंची. ती द्वारकेनं ओळखली नाही. चतुराबाईंनी ओळखली आणि मान वळवली.

बायांनी दोरी धरली. गाणं सुरू झालं. जाड, उन्हात वाळलेले, एकमेकांत न बसणारे गळे. पण सगळ्यांचा मिळून असा आवाज झाला, की पत्रा घुमला:

*लिंबाच्या फळीचा पाळणा केला,*
*सुताराच्या हाताला दुवा गं दिला,*
*वाट पाहताना बोल तो आला,*
*बाळाचं नाव ठेवा...*

आणि इथं गळे थांबले. नाव घ्यायची ती जागा. बाळाची आत्या वाकून त्याच्या कानाशी तोंड नेत होती.

"गिरजा," द्वारका म्हणाली.

हळू नाही. सुरातही नाही. आडावर कुणाला लांबून हाक मारावी तशी. पोर दचकून आईच्या तोंडाकडं बघू लागली.

दोरी थांबली. आत्या तशीच वाकलेली. कुणी पदर तोंडाशी नेला. दुसऱ्याच्या पाळण्यावर आपल्या लेकराचं नाव घेऊ नये, हे शहरातसुद्धा कुणी करत नाही. बाळंतिणीचं तोंड उतरलं, तिनं सासूकडं पाहिलं.

भागूबाई पाळण्याची कड धरून उभी होती. "नाव चांगलंय पोरीचं," ती शेवटी म्हणाली. आवाज कोरडा होता, पण मोडला नव्हता. "पन आज आमच्या पोराचा दिस हाय, बाई. व्हय का नाय?"

"व्हय," द्वारका म्हणाली.

"मंग गा गं, थांबल्या कशाला?"

आत्यानं कानात नाव सांगितलं, रामकिसन. गाणं परत उचललं गेलं, रामकिसन झाला, त्याच्या बापाचं नाव झालं, आज्याचं झालं. द्वारका भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसली. तिनं दोरी धरली नाही, तिला कुणी दिलीही नाही.

निघताना भागूबाईनं घुगऱ्या वाटल्या. द्वारकेच्या ओटीत एक ओंजळ टाकली, जरा थांबली, आणि अजून एक टाकली.

रस्ता चार हातांचा. सासूसुना मध्यावर आल्या तेव्हा चतुराबाई म्हणाल्या, "ऐकलं सगळ्यांनी."

"काय?"

"नाव."

पोर खांद्यावर झोपली होती, तिचा श्वास मानेला लागत होता. ओटीतल्या घुगऱ्या अजून गरम होत्या. तिनं कोपरानं दार ढकललं. आत गेल्यावर ते लावायचं, की तसंच ठेवायचं, हे तिला लवकर ठरवता आलं नाही.