न हलणारा चाप

चन्नबसप्पाने रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडले, तशी चाकातून एक गोळी निसटून टेबलावरच्या जाड कापडावर पडली. थोडी घरंगळली आणि थांबली. चाकाची बाकीची घरे रिकामी होती.

"पाव्हणं, भरलेलं घेऊन आलाव व्हय?"

"राहिली असंल," गौरीशंकर म्हणाला.

"अशी राहती का कधी?"

चन्नबसप्पाने गोळी उचलून एका वाटीत ठेवली आणि प्रत्येक घरात करंगळी घालून पुन्हा खात्री केली. शेजारच्या स्टुलावर गौरीशंकरचा मुलगा कुमार बसला होता. तो त्या वाटीकडे बघत होता, आणि गौरीशंकर त्याच्याकडे.

धाराशिवच्या जुन्या बाजारातले चन्नबसप्पाचे हे बंदूक दुरुस्तीचे दुकान बाहेरून कुलपांच्या दुकानासारखे दिसायचे. दाराला लोखंडी जाळी, भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना, आत एक टेबल आणि त्यावर खाली ओढून घेता येणारा दिवा. बापलेक सकाळी अणदूरहून मोटारसायकलवर निघाले होते. रिव्हॉल्व्हरची पिशवी गौरीशंकरने पोटाशी धरली होती. तुळजापुरात चहाला थांबले, तेव्हा कुमारने "आणा, मी धरतो" म्हणून हात पुढे केला. गौरीशंकरने पिशवी मांडीवरून हलू दिली नाही. चहासुद्धा एका हाताने प्याला.

रिव्हॉल्व्हर त्याच्या वयापेक्षा जुने होते. कारखान्यात असताना तो पगाराची रोकड आणायला जीपमध्ये पुढे बसायचा, तेव्हा त्याने ते परवाना काढून घेतले होते. गोळी झाडायची वेळ कधी आली नाही. निवृत्तीनंतर ते पत्र्याच्या पेटीत पडून होते. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचे, संपली की परत आणायचे.

महिन्यापूर्वी त्याला कळले की चाप हलत नाही. त्या दुपारी घरात कोणी नव्हते. कुमार आणि सून अश्लेषा ढोकीला लग्नाला गेले होते. गौरीशंकरने पेटीतून रिव्हॉल्व्हर काढले. चाप ओढला. तो जागचा हलला नाही. पुन्हा ओढला. मग बराच वेळ तसाच बसून राहिला आणि शेवटी ते होते तसे फडक्यात गुंडाळून ठेवले.

त्या दिवसापासून त्याला मुलाच्या एकेक गोष्टी दिसायला लागल्या. त्याची बायको वनमाला पौषात गेली. तिचे दिवस होताच कुमारने, "अप्पा, ते परत करून टाकू, आता काय करायचंय ठेवून," असे सुरू केले होते. एकदा नाही, चारचौघांत आणि एकट्याने, पुन्हा पुन्हा. स्वतःच्या खोलीत निजायचे सोडून तो सोप्यात, बापाच्या दारासमोरच अंथरूण टाकू लागला. आत खूप उकडतं म्हणायचा. गौरीशंकर पाणी प्यायला उठला तरी बाहेरून आवाज यायचा, "अप्पा, काय पायजे?" तुळजापूरच्या कचेरीतून तो भर दुपारी घरी येई आणि काही काम नसताना पेटीच्या खोलीत डोकावून जाई. फोनवर हळू बोले, आणि गौरीशंकर आला की गप्प होई.

स्वतःच्या घरात आपल्यावर पाळत आहे, हे गौरीशंकरला पटले होते. पेटीची किल्ली वनमाला असेपर्यंत तिच्या कमरेला असायची. ती गेली त्या गडबडीत किल्ली दोन दिवस कुणाकडे होती, ते कुणी धड सांगत नव्हते. त्या दोन दिवसांतच कुमारने आतले काहीतरी काढले असणार. बापाला विचारायचे नाही, सांगायचे नाही, लहान पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसे.

त्याने ठरवून टाकले होते. आतले पेच कुणी फिरवले असतील तर ते कारागिराला दिसणारच. तसे निघाले, तर कुमारने बिऱ्हाड तुळजापूरला हलवावे. हे त्याला इथेच, तिसऱ्या माणसासमोर सांगायचे.

चन्नबसप्पाने दिवा खाली ओढला, डोळ्याला भिंग लावले आणि सहज कुमारकडे मान वळवली.

"तुम्ही मागं आला होताव न्हवं?"

कुमारने मान खाली घातली.

"कवा?" गौरीशंकरने विचारले.

"असंल की. होळीच्या मागं-पुढं."

"कशाला?"

चन्नबसप्पाने भिंग वर केले. आपण बोलायला नको होते ते बोललो, असे त्याच्या तोंडावर दिसले. तो कुमार बोलेल म्हणून थांबला.

"असंच विचारायला," चन्नबसप्पा म्हणाला. "जुनं रिव्हॉल्व्हर आतून बंद करता येतं का. बाहेरून कळू न देता."

"मग? केलं?"

"म्या म्हणलं, मालकाला घेऊन या. दुसऱ्याच्या हत्याराला म्या हात लावत न्हाय."

"तुम्ही न्हाय लावला," गौरीशंकर म्हणाला. "दुसऱ्या कुणी लावला असंल. उघडा."

"अप्पा..." कुमार म्हणाला.

"उघडू दे त्यास्नी."

चन्नबसप्पाने पेचाच्या डोक्यावर भिंग धरले आणि लगेच उघडायला घेतले नाही. दाभणाच्या टोकाने त्याने पेचाच्या खाचेतून काळा, घट्ट मळ उकरून काढला आणि नखावर घेऊन गौरीशंकरसमोर धरला.

"हे बघा. पेचकस लागला असता तर ह्यो मळ ऱ्हायला असता का? लई वर्सं ह्याला कुणी हात न्हाय लावला."

"मळ भरता येतो."

"येतो की," चन्नबसप्पा म्हणाला. "पण भरायला आदी माझ्यासारखा येडा लागतो."

तो एकटाच हसला. पेच बाजूला ठेवत त्याने बाजूचे झाकण लाकडी मुठीने हळूच ठोकून सैल केले आणि उचलले. गौरीशंकर पुढे वाकला. इतकी वर्षे जवळ असून त्याने आतले कधी पाहिले नव्हते. घड्याळासारखे काही असेल असे त्याला वाटायचे. तसे काही नव्हते. चार-पाचच तुकडे होते, जाड, साधे.

"ह्यो चाप," चन्नबसप्पा दाभणाने दाखवू लागला. "बाहेर बोट लागतं तेवढा तुमाला दिसतो. त्याचं खरं काम आत हाय. ही त्याची चोच. चाप मागं ओढला की चोच ह्या घोड्याला खालून उचलती. त्याच दमात ह्यो बारका हात चाकाला एक घर पुढं सारतो. घोडा पुरता वर गेला की चोच सुटती आन् ही कमान, म्हंजे स्प्रिंग, त्याला गोळीवर आपटती. एका बोटाच्या वढीवर सगळे चालत्यात. एक अडला की सगळे अडले."

"काय कमी हाय त्यातलं?"

"काय बी न्हाय. सगळं जागच्या जागी हाय."

गौरीशंकरने तुकड्यांवरून पुन्हा नजर फिरवली. चाप, चोच, घोडा, हात, कमान. त्याने तोंडातल्या तोंडात मोजल्यासारखे केले. कुमारने स्टुलावरून उठून पाण्याची बाटली बापासमोर ठेवली. गौरीशंकरने ती बाजूला सारली.

"मग हलत का न्हाय?"

"तेच बघायलोय." चन्नबसप्पाने आतल्या कडेवरून दाभण फिरवले. टोकाला पिवळट, चिकट गोळा आला. त्याने तो बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. "तेल हाय. घरचं, करडीचं. आन् ही हळद."

चन्नबसप्पाने बोट फडक्याला पुसले.

"पूजा करता व्हय ह्याची?"

"खंडेनवमीला," गौरीशंकर म्हणाला.

"तरीच. वर्साला थोडं थोडं आत गेलंय. तेल सुकलं, हळद धरली. पण नुस्तं एवढ्यानं घट्ट व्हईल, अडकणार न्हाय. आनखी काय तरी..." त्याने बारीक चिमटा घेतला. घोड्याच्या फटीतून चिमट्याचे टोक चोचीच्या खाली नेले, एकदा घसरले, पुन्हा नेले. मग श्वास रोखून हळूच ओढले.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला, खड्यासारखा कडक.

"हां," चन्नबसप्पा म्हणाला. "हे पाव्हणं बसलेत आत."

खंडेनवमीला वनमाला पाटावर विळा, खुरपे, कुऱ्हाड मांडायची, त्यांच्या शेजारी रिव्हॉल्व्हर. दाराबाहेर कुमारची मोटारसायकल, हार घातलेली. हळदीकुंकू वाहताना गौरीशंकर दरवर्षी म्हणायचा, "आत जाऊ देऊ नकू." आणि ती म्हणायची, "देवाला काय आत अन् भाईर?" गेल्या आश्विनात तिला उभे राहवत नव्हते. कुमारने तिला धरून पाटासमोर बसवले. हात थरथरत होता, चिमटीने अक्षता पडेनात, म्हणून तिने सगळी मूठच रिव्हॉल्व्हरवर उपडी केली होती. गौरीशंकर त्या दिवशी काही बोलला नाही. फडक्याने वरचे दाणे झटकून त्याने ते पेटीत ठेवले होते.

चन्नबसप्पाने दाणा टेबलाच्या कडेला ठेवला. रॉकेलच्या बोळ्याने त्याने एकेक तुकडा पुसला, थेंबभर पातळ तेल सोडले, झाकण बसवले, पेच आवळले. मोकळ्या चाकावर चाप ओढून बघितला. घोडा उठला, चाक एक घर फिरले, घोडा पडला. लहानसा, स्वच्छ आवाज झाला. कुमारचे खांदे त्या आवाजाने आखडले, ते गौरीशंकरने पाहिले.

"झालं. आता नव्यासारखं." चन्नबसप्पाने वाटीतली गोळी उचलली, बोटांत फिरवली आणि तिचा मागचा भाग दिव्याखाली धरला. मग सहज विचारावे तसे विचारले, "अडकलंय हे तुमाला कवा कळलं म्हणायचं, पाव्हणं?"

"पुसायला काढलं होतं."

"पुसाया गोळी कशाला भरावी लागती?"

रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. गौरीशंकरने मुलाकडे बघायचे टाळले. मग बघितले. कुमारला काहीच नवे कळले नव्हते. तो बापाच्या हातांकडे बघत होता, जसा सोप्यातल्या अंथरुणावरून बघायचा तसा.

चन्नबसप्पाने रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळले आणि मूठ गौरीशंकरकडे करून पुढे धरले. गौरीशंकरने हात पुढे केला नाही.

"हे इथं जमा ऱ्हातं का?"

"ऱ्हातं की. पावती देतो. किती दिवस ठिवायचं?"

"परवाना परत करायचा तर काय काय लागतं?"

"ते लई हाय. अर्ज, मग कलेक्टर कचेरी..."

"ह्याला सांगू नका," गौरीशंकर कुमारकडे मान करून म्हणाला. "ह्यानं समदं विचारून ठिवलंय."

कुमारने तोंड दुसरीकडे वळवले आणि बाहीने नाक पुसले. चन्नबसप्पा गोळी आणि रिव्हॉल्व्हर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून पावतीपुस्तक शोधू लागला. जागा करायला त्याने हाताच्या एका फटकाऱ्याने टेबल झाडले.

"अवो," गौरीशंकर उठला. "त्यो दाणा?"

"कुठला?"

"आता काढला त्यो."

"त्यो काय करायचाय? पडला असंल खाली."

गौरीशंकरने टोपी काढून स्टुलावर ठेवली आणि टेबलाच्या पायाला धरून फरशीवर बसला. खाली लोखंडाचा कीस होता, दोऱ्याचे तुकडे होते, कधीतरी सांडलेले चुरमुरे होते. त्याने तळहात फरशीवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

"अप्पा, उठा. म्या बघतो."

"तू बघ. म्या बी बघतो."

कुमारने मोबाइलचा दिवा लावला आणि बापाशेजारी गुडघे टेकले. उजेड टेबलाखाली फिरला. एका पायाजवळ त्याला पांढरे काहीतरी दिसले. त्याने ते चिमटीत उचलून बापासमोर धरले.

"ह्यो?"

गौरीशंकरने त्याचे मनगट धरून उजेडाकडे वळवले.

"न्हाय," तो म्हणाला. मनगट त्याने सोडले नाही. "तिचा तांबडा हाय. नीट बघ."