मावशींची मोठी अक्षरं

मित्रांनो, माझा पंखा घरघरतो आणि माझी एक कळ दोनदा दाबावी लागते, यावरून ओळखलं असेलच. मी ग्रंथालयातला एक जुना संगणक आहे. तरी वयाच्या मानाने ठणठणीत आहे बरं का!

इथे आम्ही वीस जण एकाच नेटवर्कमध्ये आहोत. सकाळी चालू होताच मला माझे नियम मिळतात. मग कोणी नाव आणि पासवर्ड टाकला, की त्या माणसाचे नियम येतात: अक्षरं केवढी, पडदा कुठल्या रंगाचा, असे. तो कुठल्याही यंत्रावर बसो, ते त्याच्या पाठोपाठ येतात. वाचनकक्षात मात्र कोणीही बसलं तरी कक्षाचेच नियम चालतात. तिथे मी सात वर्षं काढली. मुलं मला ‘आजोबा’ म्हणायची आणि मला ते आवडायचं.

पुढे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या मावशींचा संगणक बंद पडला आणि मला उचलून त्यांच्या टेबलावर ठेवलं. मावशींची नजर अधू. त्यांच्या नावाबरोबर मोठी अक्षरं यायची. ती कोणीतरी कधीकाळी लावून दिली होती, हे त्या विसरूनही गेल्या होत्या. माझ्यावर ती आलीच नाहीत. मी टेबल बदललं, पण नेटवर्कच्या यादीत माझं नाव वाचनकक्षातच राहिलं होतं.

मावशी पडद्याला नाक लावून वाचू लागल्या. नोंदी चुकू लागल्या. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसं? एकदा माझी धूळ पुसत त्या म्हणाल्या, “तुझा काय दोष रे बाबा, माझेच डोळे गेले.” मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडण्याचा अर्ज लिहिला.

नेटवर्क सांभाळणाऱ्या ताई त्यांचं खातं बंद करायला आल्या. मावशींच्या खुर्चीत बसून त्यांनी माझ्यावर स्वतःचं नाव टाकलं आणि थबकल्या.

“माझा काळा पडदा का नाही आला?” त्यांनी यादी उघडून पाहिली. “अहो मावशी, तुमचे डोळे नाही बिघडले! याचं नाव अजून वाचनकक्षातच आहे!”

त्यांनी यादीत माझं नाव हलवलं आणि मला बंद करून पुन्हा चालू केलं. मावशींनी भीतभीत पासवर्ड टाकला. अक्षरं आली, चांगली बोराएवढी.

“अगंबाई!” मावशींनी चष्मा काढून डोळे पुसले.

“मग या अर्जाचं काय करायचं?” ताईंनी विचारलं.

“आण इकडे. पाठकोरा आहे, कच्च्या नोंदींना होईल.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसत जा, हे तर मी सांगणारच. पण आपलं एखादं माणूस अचानक चुकू लागलं, तर त्याला बोल लावण्याआधी घडीभर त्याच्या खुर्चीत बसून पाहा.