ऑरेंजची पुढची ओळ

मी एक जाडजूड शब्दकोश बोलतोय, इंग्रजी शब्दांची कुळं सांगणारा. कोणता शब्द कुठून आला, वाटेत कोणाकडे राहिला, सगळं माझ्या पोटात आहे. थोडा गर्विष्ठ आहे मी, पण खोटं बोलत नाही. निदान पूर्वी बोलत नव्हतो.

महूच्या छावणीतल्या एका कर्नलसाहेबांकडे मी नुसती कपाटाची शोभा होतो. त्यांची बदली झाली, सामान विकायला निघालं आणि इंदूरच्या दिनानाथ मास्तरांनी मला उचललं. त्यांनी मला रोज वाचलं. इतकी माया मला कोणी लावली नाही, म्हणूनच पुढचं सांगताना जीव तुटतो.

निवृत्तीनंतर मास्तर दर वर्षी पलासियाजवळच्या मराठी मंडळात एका शब्दावर बोलत. परवाचा शब्द होता 'ऑरेंज'. मी टेबलावरच होतो.

"युरोपानं घेतला अरबांकडून, अरबांनी इराण्यांकडून, आणि इराण्यांनी आपल्या संस्कृतातल्या नारंगावरून! बस, तिथं किस्सा खतम," मास्तर म्हणाले. टाळ्या पडल्या.

नागपूरहून नुकतीच नोकरीला आलेली निशिगंधा उभी राहिली. "सर, आणि संस्कृतात कुठून आला?"

"संस्कृतच्या आगे काय असणार, बेटा? कोशात निघालं तर मी पुन्हा या माइकसमोर उभा राहणार नाही."

"तो फिर देखून घेऊ ना मास्तरजी, किताब समोरच आहे," मंडळाचे सचिव देवेंद्र हसत म्हणाले.

तीस वर्षांपूर्वी कॉलेजात शिकवताना हेच ठासून सांगून मास्तर घरी आले होते. मला उघडलं, पुढची ओळ वाचली आणि त्यांचा चेहराच उतरला. वर्गात चूक कबूल करण्याऐवजी त्यांनी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली. तेव्हापासून मी मूग गिळून बसलो होतो.

निशिगंधा पानं उलटू लागली. तिचं बोट पट्टीवर थांबलं. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्या बोटाकडेच बघत होते.

तिने मला हळूच मिटलं. "बरोबर आहे सर. इथंच संपतंय."

मला वाटलं, ओरडावं. मास्तर, आता तरी बोला!

"रुक," मास्तर म्हणाले. त्यांनी मला उघडून नखाने पट्टी ओढली. गोंद जुना, पट्टीबरोबर ओळही सोलून निघाली. आता कोणालाच काही सिद्ध करता आलं नसतं. मास्तर सुटले होते.

त्यांनी डोळे मिटले आणि ती ओळ घडाघडा म्हणून दाखवली. संस्कृतात हा शब्द बहुधा द्रविड भाषांतून आला असावा, असा तिचा अर्थ.

"तीस साल झाले," ते म्हणाले. "एक दिवसही विसरलो नाही." आणि माइक निशिगंधाच्या हातात देऊन खाली बसले.

आता मी तिच्याकडे राहतो. मला देण्याआधी मास्तरांनी त्या सोललेल्या जागी ती ओळ स्वतः लिहिली. अक्षर फार कापरं आहे. कधी मला उघडलंत तर तेवढी ओळ जरूर वाचा. छापलेली नाही म्हणून तिच्यावर अविश्वास धरू नका.